एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या सभागृहात रविवारी सकाळी संगणकाचा एक छोटा वर्ग भरतो. तिथे येणारे बहुतेक जण प्रोग्रॅमिंगमध्ये नवखे असतात. कोणी ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांत नुकते लागलेले असतात, कोणी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला, तर एखादे काका निवृत्तीनंतर हौसेने शिकायला बसलेले. या सगळ्यांना पहिली ठेच लागते ती प्रोग्रॅम लिहिताना नव्हे, त्याच्याही आधी. सॉफ्टवेअर रीतसर उतरवून घेतलेले असते, इन्स्टॉलरने काम पूर्ण झाल्याचे सांगितलेले असते, आणि तरीही कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या, काळ्या खिडकीत ‘जावा’ असे टाइप केले की अशी कोणतीही आज्ञा आपल्या ओळखीची नाही, असे विंडोज इंग्रजीत ठणकावून सांगते. सॉफ्टवेअर संगणकात आहे. ते कुठे आहे हे मात्र त्या काळ्या खिडकीला कोणी सांगितलेले नाही. हे सांगण्याची जागा म्हणजे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल.

व्हेरिएबल लावण्याचे काम पाच मिनिटांचे आहे. अख्खी दुपार जाते ती लावण्यापूर्वी काय होते हे न पाहिल्यामुळे आणि लावल्यानंतर भलत्याच खिडकीत तपासल्यामुळे. म्हणून कुठे क्लिक करायचे यापेक्षा आधी काय पाहायचे आणि नंतर काय तपासायचे, यालाच इथे अधिक जागा दिली आहे. उदाहरण म्हणून विंडोज १० किंवा ११ वर जावाचे जेडीके २१ (जावा भाषेत प्रोग्रॅम लिहिण्याचा संच) आणि मेव्हन (जावाचे प्रकल्प बांधण्याचे अवजार) ही जोडी घेतली आहे, कारण नवख्यांना अडचणीत आणणारे जवळजवळ सगळे प्रकार या एका जोडीत भेटतात. आज्ञा आणि नावे देवनागरीत छापली आहेत; संगणकावर ती रोमन लिपीतच टाइप करावयाची आहेत. ‘जावा_होम’ या, जेडीकेच्या फोल्डरचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलच्या नावात दोन शब्दांना जोडणारी खालची रेघ आहे. तिथे आडवी रेघही चालत नाही आणि मोकळी जागाही चालत नाही.

व्हेरिएबल, पाथ आणि प्रत

एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणजे एक नाव आणि त्या नावापुढे लिहिलेला मजकूर, याहून अधिक काही नाही. ‘परिवेश-चल’ असा प्रतिशब्द करता येईल, पण वर्गात तो वापरला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहत राहणेच पसंत केले, तेव्हा तो नाद मी सोडला. ही सोय आजची नव्हे. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ती चालत आली आहे. तुमच्या संगणकावर आत्ताही अशी तीस-चाळीस व्हेरिएबल असतील. एकात तुमचे लॉगिनचे नाव असते, एकात तात्पुरत्या फाइली ठेवण्याचे फोल्डर, एकात प्रोसेसरची माहिती. कमांड प्रॉम्प्ट उघडून नुसते ‘सेट’ असे टाइप करून एंटर दाबले की सगळी यादी समोर येते. ती एकदा निवांत वाचावी. पुढचे बरेचसे भय तिथेच कमी होते.

या सगळ्यांत ‘पाथ’ हे व्हेरिएबल वेगळ्या जातीचे आहे. त्यात एका फोल्डरचे नाव नसून फोल्डरांची यादी असते, आणि विंडोजवर त्यातले प्रत्येक नाव अर्धविरामाने, म्हणजे सेमीकोलनने, पुढच्या नावापासून वेगळे केलेले असते. तुम्ही कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘जावा’ टाइप करता तेव्हा विंडोज आधी तुम्ही ज्या फोल्डरात आहात तिथे पाहते, मग यादीतल्या पहिल्या फोल्डरात, मग दुसऱ्यात, आणि त्या नावाची चालवता येण्याजोगी फाइल जिथे पहिल्यांदा सापडेल तिथे शोध थांबवते. यादीत पुढे कुठे त्याहून नवी आवृत्ती ठेवलेली असली, तरी तिकडे कोणी फिरकत नाही. ठाणे स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याला ‘मामलेदारची मिसळ खाऊन या’ एवढेच सांगितले, तर वाटेत त्या नावाची जी पाटी आधी दिसेल तिथे तो शिरेल. तुमच्या मनात कचेरीजवळचे जुने ठिकाण होते, हे त्याला कळण्याचे कारण नाही. पाथच्या निम्म्या तक्रारी अशा क्रमाच्या असतात.

विंडोजमध्ये व्हेरिएबलचे दोन कप्पे आहेत. ‘युजर’ हा कप्पा फक्त तुमच्या लॉगिनपुरता असतो, आणि ‘सिस्टिम’ हा त्या संगणकावरच्या सर्वांसाठी. एकच नाव दोन्हीकडे असेल तर सामान्यतः युजरचे मूल्य वरचढ ठरते. पाथ मात्र याला अपवाद आहे. तिथे दोन्ही याद्या जोडल्या जातात, आणि आधी सिस्टिमची यादी, मागून युजरची, असा क्रम लागतो. हा अपवाद लक्षात न राहिल्याने माणसे युजरच्या यादीत आपली ओळ अगदी वर नेऊन ठेवतात आणि तरीही जुनाच जावा का चालतो म्हणून कपाळाला हात लावतात. युजरच्या यादीत पहिले असणे म्हणजे सिस्टिमची सगळी यादी संपल्यानंतर पहिले असणे.

आता प्रतीविषयी. कोणताही प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा त्याला व्हेरिएबल्सची एक प्रत मिळते, आणि ती त्याला ज्या प्रोग्रॅमने सुरू केले त्याच्याकडून येते. त्यानंतर तुम्ही सेटिंगमध्ये कितीही बदल केले, तरी आधीच उघडलेल्या काळ्या खिडकीतली प्रत जुनीच राहते. ठाण्याच्या ९ किंवा १० क्रमांकाच्या फलाटावरून वाशीची गाडी सुटली, की मागे फलाटावर होणारी घोषणा गाडीतल्या प्रवाशाला ऐकू येत नाही, तसाच हा प्रकार. व्हीएस कोडसारख्या, प्रोग्रॅम लिहिण्याच्या संपादकाच्या पोटात जो टर्मिनल, म्हणजे आज्ञा देण्याची खिडकी, असतो, त्याला त्या संपादकाचीच प्रत मिळते. म्हणून नुसता टर्मिनल बंद करून पुन्हा उघडल्याने काही साधत नाही, संपादकाच्या सगळ्या खिडक्या बंद करून तो पुन्हा सुरू करावा लागतो.

आधी पाहणे

स्टार्ट मेनूत ‘सीएमडी’ टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि पहिली आज्ञा द्यावी ती अशी: ‘इको %जावा_होम%’. नावाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याचे चिन्ह आहे. ते असले की विंडोज त्या नावाऐवजी त्यातला मजकूर ठेवते. उत्तरात एखाद्या फोल्डरचा पत्ता आला तर ते व्हेरिएबल आधीच कोणीतरी लावलेले आहे असे समजावे. टक्क्यांसह तेच नाव जसेच्या तसे परत छापले गेले तर ते व्हेरिएबल अस्तित्वात नाही. बिघाड म्हणून पुष्कळ जण याला घाबरतात, वस्तुतः ते सरळ उत्तर आहे.

दुसरी आज्ञा ‘व्हेअर जावा’. पाथच्या यादीत जिथे जिथे जावा सापडतो, ते सगळे पत्ते ही आज्ञा क्रमाने छापते, आणि त्यातला सर्वांत वरचा पत्ता प्रत्यक्षात चालतो. नवख्या माणसाने एकच आज्ञा पाठ करायची असेल तर ती ही करावी, असे माझे मत आहे. उत्तरात तीन-तीन ओळी आल्याचे पाहून अनेकांना आपल्याच संगणकात तीन जावा नांदत असल्याचे पहिल्यांदा कळते: एक कधीकाळी एखाद्या सरकारी संकेतस्थळासाठी घातलेला, एक दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला आणि एक काल रात्री स्वतः उतरवलेला.

काळ्याऐवजी निळी खिडकी उघडली असेल, किंवा ओळीच्या सुरुवातीला ‘पीएस’ ही अक्षरे दिसत असतील, तर तो पॉवरशेल आहे आणि त्याची भाषा वेगळी आहे. टक्क्याची चिन्हे तिथे चालत नाहीत; डॉलरचे चिन्ह, त्याला चिकटून ‘एन्व्ह’, मग कोलन आणि मग नाव, म्हणजे ‘$एन्व्ह:जावा_होम’, असे लिहावे लागते. ‘व्हेअर’ या शब्दाचा पॉवरशेलमध्ये निराळाच अर्थ आहे, त्यामुळे तिथे ‘व्हेअर.ईएक्सई’ असे पूर्ण नाव द्यावे. नाहीतर काहीही न छापता ती पुढची ओळ दाखवते आणि आपला जावा नाहीच असा समज होतो. सुरुवातीला एकच खिडकी धरून राहणे बरे. या लेखापुरता कमांड प्रॉम्प्ट धरला आहे.

तिसरे काम म्हणजे आहे त्या पाथची प्रत काढून ठेवणे. हे कंटाळवाणे वाटते, आणि ते न केल्याने काय होते ते मी पुढे सांगणारच आहे. पाथच्या यादीच्या खिडकीत (ती कशी उघडायची ते पुढे ‘लावणे’ या भागात आहे) उजवीकडे ‘एडिट टेक्स्ट’ हे बटण असते. ते दाबले की सगळी यादी एका लांब ओळीत मिळते. ती ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावी, तारीख घालून फाइल जतन करावी, आणि मूळ खिडकी ‘कॅन्सल’ने बंद करावी. युजरची आणि सिस्टिमची यादी वेगवेगळी उतरवून घ्यावी. ‘इको %पाथ%’ने दोन्ही एकत्र छापल्या जातात आणि कोणते कुठले, हे नंतर निवडता येत नाही.

लावणे

आधी जेडीके नेमके कुठे बसले आहे ते एक्सप्लोररमध्ये जाऊन डोळ्यांनी पाहावे. ते बहुधा ‘सी:\प्रोग्राम फाइल्स\जावा\जेडीके-२१’ अशा जागी असते, पण इंटरनेटवर कोणी लिहिलेला पत्ता आपला समजून चिकटवू नये. त्या फोल्डरच्या आत ‘बिन’ नावाचे फोल्डर आणि त्यात ‘जावासी’ ही जावाच्या कंपायलरची फाइल दिसली की ठिकाण बरोबर आहे. मग एक पायरी मागे येऊन, म्हणजे ‘बिन’च्या बाहेर पडून, वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करावा.

आता स्टार्ट मेनूत ‘एन्व्हायर्न्मेंट’ असे टाइप केले की दोन पर्याय दिसतात. एक सिस्टिमची व्हेरिएबल बदलण्याचा आणि दुसरा फक्त आपल्या अकाउंटची बदलण्याचा. नवख्याने दुसरा निवडावा. त्याला ॲडमिनचा अधिकार लागत नाही, आणि चूक झाली तरी ती तुमच्या लॉगिनपुरती राहते. कार्यालयातल्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर तर हाच मार्ग धरावा. तिथे पहिला पर्याय उघडताना ॲडमिनचा पासवर्ड विचारला जातो, आयटी विभागातला माणूस येऊन स्वतःचे नाव आणि पासवर्ड घालतो, आणि मग उघडलेल्या खिडकीत वरच्या भागात जी ‘युजर’ची यादी दिसते ती तुमची नसून त्याची असते. तुम्ही मन लावून सगळे भरता, तो निघून जातो, आणि तुमच्या लॉगिनमध्ये काहीच बदललेले नसते. यादीच्या वर कोणाचे नाव छापले आहे ते वाचले तर हा घोळ होत नाही.

वरच्या भागात ‘न्यू’ दाबावे. नावाच्या जागी ‘जावा_होम’ आणि मूल्याच्या जागी कॉपी केलेला पत्ता भरावा. विंडोज नावातली लहान-मोठी अक्षरे सारखीच मानते, तरी मोठ्या अक्षरांचा रिवाज पाळावा, कारण मॅक आणि लिनक्स तसे मानत नाहीत. पत्त्यात ‘प्रोग्राम फाइल्स’ या दोन शब्दांमधली मोकळी जागा आहे म्हणून कित्येक जण पत्ता अवतरणचिन्हांत घालतात. या खिडकीत तसे करू नये. ती चिन्हे मूल्याचाच भाग होऊन बसतात आणि पुढे दुसरा प्रोग्रॅम त्या पत्त्याला काही जोडू गेला की सगळे फिसकटते. शेवटी अर्धविराम नको, शेवटी ‘बिन’ही नको.

हा ‘बिन’ किती छळतो याचे एक उदाहरण सांगतो. कळव्याहून येणारी एक विद्यार्थिनी दोन रविवार मेव्हन चालत नाही म्हणून अडून बसली होती. ‘जावा’ चालत होता, ‘जावासी’ चालत होता, आणि मेव्हन मात्र ‘जावा_होम’ नीट लावलेले नाही अशा अर्थाची तक्रार करत होता. तिने व्हेरिएबलचे मूल्य मला वाचून दाखवले, आणि पत्ता खराही होता, कारण तो एक्सप्लोररमध्ये चिकटवला की बरोबर फोल्डर उघडत होते. फक्त ते फोल्डर ‘बिन’ होते. मेव्हन ‘जावा_होम’मधला पत्ता घेतो, स्वतःच्या हाताने त्याला ‘\बिन\जावा.ईएक्सई’ जोडतो आणि तिथे फाइल आहे का ते पाहतो. तिच्या संगणकात त्यामुळे ‘बिन’च्या आतल्या ‘बिन’मध्ये शोध चालला होता, आणि असे फोल्डर जगात कुठेच नव्हते. मूल्याच्या टोकाची चार अक्षरे खोडली आणि काम झाले. होम म्हणजे घर. घराचा पत्ता विचारल्यावर स्वयंपाकघराचा देऊ नये, असे तीच नंतर बाकीच्यांना सांगू लागली.

आता त्याच यादीतले ‘पाथ’ निवडून ‘एडिट’ दाबावे. विंडोज १० पासून इथे प्रत्येक फोल्डर वेगळ्या ओळीवर दिसते, ही मोठीच सोय आहे. त्यापूर्वी एका चिंचोळ्या चौकटीत अख्खी ओळ सरकवत बसावे लागे. ‘न्यू’ दाबून नव्या ओळीत ‘%जावा_होम%\बिन’ असे लिहावे. इथे पूर्ण पत्ता लिहिला तरी चालेल, पण टक्क्यांच्या रूपात लिहिण्यात एक शहाणपण आहे: उद्या जेडीके २५ घातले तर फक्त ‘जावा_होम’ बदलायचे, पाथला हात लावायचा नाही. दोन्ही गोष्टी मात्र एकाच कप्प्यात असाव्यात. सिस्टिमच्या पाथमध्ये युजरच्या व्हेरिएबलचा आधार घेतला तर तो लागतोच असे नाही.

मेव्हनला इन्स्टॉलर नसतो. झिप फाइल उतरवून ती सोडवायची असते. ‘सी:\टूल्स’ असे एक साधे फोल्डर करून त्यात ती सोडवावी. विंडोजचे ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ वापरले की झिपच्या नावाचे एक फोल्डर आणि त्याच्या आत पुन्हा जवळजवळ त्याच नावाचे दुसरे, असे तयार होते. पाथमध्ये आतल्या फोल्डरच्या ‘बिन’चा पत्ता द्यावा. त्यासाठी ‘मेव्हन_होम’ नावाचे वेगळे व्हेरिएबल लावण्याचा सल्ला जुन्या लेखांत भेटतो. आताच्या मेव्हनला त्याची गरज नाही.

शेवटी जितक्या खिडक्या उघडल्या असतील तितक्या ‘ओके’नेच बंद कराव्यात. एकीला जरी कोपऱ्यातली फुली मारली तरी केलेले काम वाया जाऊ शकते.

नंतर तपासणे

जुनी काळी खिडकी बाजूला ठेवून नवी उघडावी आणि तीन आज्ञा क्रमाने द्याव्यात: ‘जावा -व्हर्जन’, ‘जावासी -व्हर्जन’ आणि ‘एमव्हीएन -व्हर्जन’ (‘एमव्हीएन’ ही मेव्हनची आज्ञा). तिन्हींच्या उत्तरांत २१ हा आकडा दिसला तर काम झाले. मेव्हन आपल्या उत्तरात स्वतःच्या आवृत्तीखाली तो कोणता जावा वापरतो आणि तो कुठल्या फोल्डरातला आहे, हेही छापतो. ती ओळ सोडू नये.

आकडे जुळत नाहीत तेव्हा खरी करमणूक सुरू होते. ‘जावा’ म्हणतो ८ आणि मेव्हन म्हणतो २१, असा प्रकार आमच्या वर्गात वारंवार येतो, आणि संगणकात भूत शिरल्यासारखे विद्यार्थी माझ्याकडे पाहतात. दोघेही खरे बोलत असतात. ‘जावा’ ही आज्ञा पाथच्या यादीतून सापडते आणि मेव्हन ‘जावा_होम’ वाचतो. दोन वेगळ्या वह्यांत दोन वेगळे पत्ते लिहिलेले आहेत, इतकेच. ‘व्हेअर जावा’ पुन्हा चालवावे. सर्वांत वर ‘कॉमन फाइल्स’ आणि ‘जावापाथ’ हे शब्द असलेला पत्ता दिसला, तर तो जावा बनवणाऱ्या ओरॅकल कंपनीच्या इन्स्टॉलरने सिस्टिमच्या यादीत टाकलेला आहे, आणि सिस्टिमची यादी आधी वाचली जात असल्यामुळे तुमची युजरची ओळ तिच्यापुढे हरते.

यावर तीन उपाय आहेत. जुना जावा कोणालाच नको असेल तर तो सेटिंगमधून रीतसर काढून टाकावा, हा सर्वांत स्वच्छ उपाय. तो दुसऱ्या एखाद्या कामासाठी हवा असेल आणि ॲडमिनचा अधिकार तुमच्याकडे असेल, तर ‘जावा_होम’ सिस्टिमच्या कप्प्यात लावून, सिस्टिमच्या पाथमध्ये ‘%जावा_होम%\बिन’ ही ओळ ‘मूव्ह अप’ने जुन्या ओळीच्या वर न्यावी, आणि युजरच्या कप्प्यातले ‘जावा_होम’ काढून टाकावे. अधिकार नसेल तर ज्या खिडकीत काम करायचे त्या खिडकीपुरते ‘सेट पाथ=%जावा_होम%\बिन;%पाथ%’ असे लिहावे. ‘सेट’ने केलेला बदल त्या खिडकीच्या प्रतीतच राहतो आणि ती बंद करताच नाहीसा होतो, म्हणून प्रयोग करून पाहण्यासाठीही तो निर्धोक आहे. फक्त बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडू नये. ‘सेट’ ती जागाही नावात धरते, आणि शेवटी शेपटासारखी मोकळी जागा असलेले एक वेगळेच व्हेरिएबल जन्माला येते.

‘सेट’चा एक भाऊ आहे, ‘सेटएक्स’. तो बदल कायमचा लिहितो. इंटरनेटवरच्या लेखांत ‘सेटएक्स पाथ’ने सुरू होणारी एक ओळ चिकटवा आणि मोकळे व्हा, असा सल्ला सर्रास भेटतो. तो पाळू नये, आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐरोलीतल्या कार्यालयात, शेवटच्या गाडीच्या घाईत, मी तशी ओळ चिकटवली. ‘सेटएक्स’ एका वेळी १०२४ अक्षरांपलीकडे लिहीत नाही. माझा पाथ त्याहून बराच लांब होता. मजकूर छाटला गेल्याची सूचना त्याने दिली होती, पण तिच्याखाली लगेच यशस्वी झाल्याचेही छापले, आणि मी तेवढेच वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मी अवजारे गायब! त्या ओळीने सिस्टिमची सगळी यादी युजरच्या यादीत ओतली होती आणि माझ्या स्वतःच्या ओळी, ज्या शेवटी होत्या, त्या कापून टाकल्या होत्या. एका फोल्डरचे नाव तर मधूनच तुटले होते. प्रत काढून ठेवलेली नव्हती. वाचवले ते आदल्या दिवशी बंद करायच्या राहिलेल्या एका काळ्या खिडकीने. संगणक रात्रभर नुसता झोपवलेला होता, आणि त्या खिडकीत बदलाच्या आधीची संपूर्ण प्रत जशीच्या तशी होती. ‘इको %पाथ%’ दिले, आलेली ओळ नोटपॅडमध्ये घेतली आणि अर्धा दिवस बसून कोणती ओळ कोणत्या कप्प्यातली ते निवडत यादी पुन्हा उभी केली. तुमच्याकडून कधी असे झाले, तर सर्वप्रथम संगणक बंद करू नका. कोणती खिडकी उघडी राहिली आहे ते पाहा.

पायथन, मॅक, लिनक्स

पायथनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर, तळाशी, पाथमध्ये नोंद करण्याविषयीची एक चौकट असते आणि ती मुळात रिकामी असते. तिच्यात खूण केली की पुढचे सगळे टळते. खूण राहिली असेल तर ‘पायथन’ टाइप केल्यावर चक्क मायक्रोसॉफ्टचे दुकान उघडते, कारण विंडोजने त्या नावाची एक पोकळ फाइल आधीच यादीत ठेवलेली असते. ती सेटिंगमधल्या ‘ॲप एक्झिक्युशन एलिआसेस’ या पानावरून बंद करता येते.

मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून झेड-शेल हा मूळ शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, आहे. घरच्या फोल्डरातल्या ‘.झेडएसएचआरसी’ या फाइलच्या शेवटी ‘एक्स्पोर्ट’ने सुरू होणारी ओळ लिहायची. लिनक्सवर बॅश असेल तर फाइल ‘.बॅशआरसी’. दोन्हीकडे फोल्डरांमध्ये अर्धविरामाऐवजी कोलन, टक्क्यांऐवजी नावाआधी डॉलर, आणि बरोबरच्या चिन्हाभोवती मोकळी जागा अजिबात नाही. पाथची ओळ लिहिताना शेवटी ‘:$पाथ’ जोडायला विसरलात तर जुनी यादी पुसली जाऊन फक्त तुमचे फोल्डर उरते, आणि मग फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस’सारखी साधी आज्ञाही सापडेनाशी होते. घाबरू नये. ‘/बिन/एलएस’ असे पूर्ण पत्त्यासह लिहिले की ती चालते, कारण पूर्ण पत्ता दिल्यावर यादी लागतच नाही. त्याच रीतीने ‘/यूएसआर/बिन/नॅनो’ या साध्या संपादकाने फाइल उघडून ओळ सुधारावी आणि नवा टर्मिनल उघडावा.

काही नवी सॉफ्टवेअरे व्हेरिएबलमध्ये पत्त्याऐवजी गुप्त किल्ली मागतात. अशी किल्ली विंडोजच्या खिडकीत लिहिली तर ती साध्या मजकुराच्या रूपात राहते आणि तुमच्या लॉगिनमध्ये चालणारा कोणताही प्रोग्रॅम ती वाचू शकतो, हे ध्यानात ठेवावे. प्रकल्पाच्या फोल्डरात ‘.एन्व्ह’ नावाची फाइल करून तीत किल्ली ठेवण्याची पद्धत रूढ आहे. ती फाइल ‘.गिटइग्नोर’मध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, नोंदवण्याचे काम किल्ली लिहिण्याच्या आधी करावे, नंतर नव्हे. मदत मागताना ग्रुपवर ‘सेट’च्या उत्तराचा फोटो टाकण्याची सवय अनेकांना आहे, त्या फोटोत ही किल्लीही दिसते.

राहता राहिली सफाई. जुने जेडीके काढून टाकले तरी हाताने लिहिलेली पाथची ओळ मागे तशीच राहते. ज्या फोल्डराचे अस्तित्वच नाही अशी ओळ यादीत असल्याने बिघडत काही नाही, पण पुढे त्याच नावाचे फोल्डर पुन्हा तयार झाले की ती अचानक जिवंत होते. अशा ओळी एकेक करून काढाव्यात, प्रत्येक वेळी नवी खिडकी उघडून ‘व्हेअर जावा’ चालवावे, आणि आठवडाभर सगळे सुरळीत चालले की नोटपॅडमधली ती जुनी प्रत पुसून टाकायला हरकत नाही.